बंबाला नक्की किती जागा लागते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इमारतीभोवती बंब आणि अँब्युलन्ससाठी जी पट्टी मोकळी ठेवायची असते, कोणी फायर लेन म्हणतं, कोणी नुसतं मार्जिन म्हणतं, तिच्याबद्दल इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम तिलाच दिलाय. आपले वाचक वेगवेगळ्या देशांत राहतात, त्यामुळे आकडेही दोन-तीन ठिकाणचे दिलेत, आपल्या ठिकाणचा कुठला ते कसं शोधायचं हे दुसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न : ताई, आमच्या बिल्डिंगच्या बाजूने गाड्या लावूनसुद्धा साडेतीन मीटर जागा उरते. बंब अडीच मीटर रुंद असतो असं ऐकलंय. मग कमिटी सहा मीटर सहा मीटर म्हणून का मागे लागलीय? एक मीटर शिल्लकच राहतोय की.

गाडीची रुंदी तुम्ही बरोबर सांगितलीत, पण ती नुसती जाणारी गाडी झाली. बंब येऊन थांबला की काय होतं ते बघा. दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडतात, आतून माणसं उतरतात, ती पाठीवर हवेची टाकी बांधून असतात म्हणजे त्यांना आपल्यासारखं अंग चोरून निघता येत नाही, मग गाडीच्या कुशीतली शटर वर जातात, तिथून होज, नोझल, कटर सगळं बाहेर ओढायचं, बऱ्याच गाड्यांचा पंप चालवायचा पॅनेलही बाजूलाच असतो तर तिथे एक माणूस उभाच राहणार. होज पाण्याने भरला की ताठ होतो, त्याला काटकोनात वळवता येत नाही, मुडपला की पाणी अडतं. आणि हे सगळं चालू असताना मागून दुसरी गाडी पुढे जायला हवी, कारण एका बंबातलं पाणी काही मिनिटांत संपतं.

शिडीच्या गाडीचं तर अजून वेगळं. ती उभी राहिली की दोन्ही बाजूंनी जॅक बाहेर काढते, ते जमिनीवर टेकल्याशिवाय शिडी वर जातच नाही, आणि जॅक पूर्ण पसरले की तिची रुंदी गाडीच्या दुप्पट होते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जो इंटरनॅशनल फायर कोड लागू आहे त्यात साध्या लेनला २० फूट म्हणजे ६.१ मीटर आणि हायड्रंटजवळ (म्हणजे बंबाला पाणी घ्यायचा नळ) किंवा शिडीची गाडी लागणार असेल तिथे २६ फूट म्हणजे ७.९ मीटर का मागतात ते यातून लक्षात येईल. भारताच्या २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमधे उंच इमारतींसाठी सहा मीटर आहे. ब्रिटनमधे ३.७ मीटर चालतं हे खरंय, आणि हे वाचून कोणीतरी कमिटीला ते दाखवणारच म्हणून आधीच सांगते, तिथे त्याच्यासोबत इमारतीच्या घेराच्या किती भागापर्यंत गाडी पोचली पाहिजे हे उंची आणि क्षेत्रफळ बघून वेगळं ठरवलेलं असतं. एक आकडा उचलून चालत नाही.

तेव्हा "गाडी निघते की" ही कसोटीच सोडून द्या. तिथे माणसांना काम करता येईल का, हे विचारा.

प्रश्न : आमचे एक शेजारी म्हणतात देशाचा नियम हा, दुसरे म्हणतात नगरपालिकेचा तो, बिल्डर म्हणतो फायर ऑफिसरने पास केलंय विषय संपला. नक्की कोणाचं ऐकायचं?

या गोंधळात बहुतेक सगळे सापडतात आणि त्यात कोणाचा दोष नाही, रचनाच तशी आहे. राष्ट्रीय पातळीवर जो कोड असतो तो बऱ्याचदा नमुना असतो. भारतात ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स नॅशनल बिल्डिंग कोड काढतं पण तो आपोआप कायदा होत नाही, राज्य आणि महापालिका आपल्या बांधकाम नियमावलीत तो घेतात, कुठे जसाच्या तसा, कुठे बदलून. अग्निशमन हे काम राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या यादीत आहे. अमेरिकेत इंटरनॅशनल कोड कौन्सिल कोड छापतं, मग राज्य किंवा शहर तो स्वीकारतं आणि त्याला आपली कलमं जोडतं, काही ठिकाणी त्याऐवजी एनएफपीए १ हा दुसरा कोड वापरतात. आणि गंमत अशी की लेनची रुंदी, लोड, वळण, शिडीच्या जागेची मापं यातली बरीचशी अमेरिकन कोडच्या अपेंडिक्स डी मधे आहेत, जे त्या गावाने त्याचा वेगळा उल्लेख करून स्वीकारलं असेल तरच लागू होतं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांत नियम वेगळा असू शकतो आणि दोन्ही बरोबर.

हे असं का, तर गाड्या वेगळ्या असतात. ब्रिटिश मार्गदर्शिकेत साध्या बंबासाठी १२.५ टन आणि उंच शिडीच्या गाडीसाठी १७ टन असं धरलंय पण सोबत हेही सांगितलंय की दलाच्या गाड्या सगळीकडे सारख्या नाहीत, स्थानिक दलाला विचारा. ज्या दलाकडे लांब गाडी आहे त्याला मोठं वळण लागणार, त्याचा नियम कागदावर इतरांपेक्षा कडक दिसणारच.

तुमच्यापुरतं बघायचं तर तीन कागद काढा. मंजूर नकाशा, फायर एनओसी किंवा तुमच्याकडे त्याला जे नाव असेल ते पत्र, आणि वापर परवाना. एनओसीच्या पत्रात अटी लिहिलेल्या असतात, "चारही बाजूंनी इतके मीटर", "प्रवेशद्वार इतकं रुंद", हे तुमच्या इमारतीसाठी लिहिलेलं असतं आणि वाद झाला की सगळे याच कागदाकडे बघतात. बिल्डर म्हणतो पास झालंय, ते खरंही असेल, पण जे पास झालं ते नकाशातलं. आज जागेवर जे आहे ते पास झालंय का हा प्रश्न वेगळा आहे.

प्रश्न : मी गाडीतच बसलेले असते, मुलाला क्लासवरून घ्यायला पाच मिनिटं थांबते, इंजिन चालू असतं. तरी वॉचमन ओरडतो. हे जरा अतीच नाही का?

तुमचा राग समजतो, पण वॉचमन बरोबर आहे. अमेरिकन कोडमधे तर वाक्यच असं आहे की लेन कुठल्याही प्रकारे अडवायची नाही, पार्क केलेल्या गाडीनेसुद्धा, आणि बऱ्याच शहरांच्या नियमांत ड्रायव्हर आत असला तरी ते थांबणं मोजलं जातं.

पाच मिनिटं म्हणजे काय ते बघा. हल्लीच्या घरातला सोफा, गाद्या, पडदे हे बरंचसं फोम आणि सिंथेटिक. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने एक खोली जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची आणि एक आजच्या सामानाची अशी पेटवून बघितली होती, आजच्या खोलीत सगळं एकदम पेट घेण्याची वेळ, ज्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, चार मिनिटांच्या आत आली, जुन्या खोलीला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. म्हणजे बंब तुमच्या गेटपर्यंत येतो तेव्हाच उशीर झालेला असतो, तिथून पुढे तुम्ही गाडी मागे घेणार, तुमच्या मागे अजून एक उभी असणार, तिचा ड्रायव्हर वर गेलेला असणार. एकटी गाडी क्वचितच असते, एक थांबलेली दिसली की दुसरा थांबतो.

दक्षिण कोरियात जेचॉन नावाच्या शहरात २१ डिसेंबर २०१७ ला एका आठ मजली इमारतीत आग लागली, २९ माणसं गेली. आजूबाजूच्या गल्लीत बेकायदा लावलेल्या गाड्यांमुळे बंबांना, आणि खास करून शिडीच्या गाडीला, जागेवर पोचायला वेळ गेला. त्या आगीत इतरही बऱ्याच चुका होत्या, कोंदलेले जिने होते, अडवलेले दरवाजे होते, सगळं पार्किंगवर ढकलणं बरोबर नाही. पण त्यानंतर तिथे लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी कायदे बदलले, १०० किंवा जास्त घरांच्या नव्या अपार्टमेंटना बंबासाठी राखीव जागा आखणं सक्तीचं झालं आणि बेकायदा उभी गाडी आड आली तर ती सरकवताना झालेल्या नुकसानीची भरपाई मालकाला मिळणार नाही असं ठरलं. दिल्लीत अनाज मंडीला ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे आग लागली तिथे ४३ जण गेले, गल्ली इतकी अरुंद की बंब इमारतीपर्यंत पोचू शकला नाही, जवानांनी माणसं खांद्यावर उचलून बाहेर आणली. तिथली गल्ली पिढ्यान्‌पिढ्यांची अरुंद आहे, ती एका दिवसात रुंद होणार नाही. आपण आपली रुंद जागा हाताने अरुंद करतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाला घ्यायला थोडं पुढे, रस्त्यावर जिथे परवानगी आहे तिथे थांबा. दोन मिनिटं चालावं लागेल, एवढंच.

प्रश्न : गेटवर सुंदर कमान करायची आहे, उंची किती ठेवू?

भारतीय कोडमधे प्रवेशद्वारावर कमान असेल तर ती निदान ५ मीटर उंच, आणि गेट निदान ६ मीटर रुंद, शिवाय गेटची दारं पूर्ण उघडून कंपाउंडच्या भिंतीला चिकटली पाहिजेत म्हणजे ती आतल्या वाटेत येत नाहीत. अमेरिकेत मोकळी उंची १३ फूट ६ इंच, साधारण ४.१ मीटर. ब्रिटनमधे साध्या बंबाला ३.७ आणि शिडीच्या गाडीला ४. कमान करायच्या आधी तुमच्या फायर ऑफिसला एक पत्र टाका. आणि उंची नंतर रस्ता वर आल्यावर पुन्हा मोजा, दर वेळी डांबराचा किंवा पेव्हरचा एक थर चढला की तेवढी ती कमी होते हे कोणाच्या डोक्यात येत नाही. झाडाच्या फांद्या, इंटरनेटच्या केबली, लाइटच्या माळा, हेही कमानीसारखंच धरा. शिडी जिथे लागणार तिथे डोक्यावर विजेची तार तर अजिबात नको.

प्रश्न : मागच्या बाजूला पाण्याच्या टाक्या जमिनीखाली आहेत, वर पेव्हर ब्लॉक. त्यावरून कार रोज जातात, काही झालं नाही. बंब गेला तर चालेल ना?

हा प्रश्न विचारलात याबद्दल तुमचे खरंच आभार, कारण हे कोणी विचारत नाही. कार दीड-दोन टनाची. भारतीय कोड उंच इमारतींच्या भोवतीची जागा ४५ टनापर्यंतची गाडी पेलेल अशी मागतो, अमेरिकन अपेंडिक्समधे ७५,००० पाउंड आहे म्हणजे ३४ टन. रोज कार जातात यावरून काहीच सिद्ध होत नाही.

त्यात जॅकचं गणित अजून नाजूक. गाडी चालत असते तेव्हा वजन सगळ्या चाकांवर वाटलेलं असतं. शिडी एका बाजूला वळवून लांब काढली, टोकाला पिंजऱ्यात माणसं, की त्या बाजूच्या जॅकवर खूप मोठा भार एकवटतो आणि तो जेवणाच्या ताटाएवढ्या पायावर जमिनीत उतरतो, म्हणून जवान खाली जाड फळ्या किंवा प्लेट टाकतात. खाली पोकळ टाकी असेल आणि स्लॅब फक्त कारसाठी डिझाइन केलेला असेल तर तिथे काय होईल ते सांगायला नको. ड्रेनेजची चेंबरं, केबलचे चर, पोडियमचा स्लॅब, सगळ्याला हेच लागू.

तुम्ही करायचं असं, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून टाकीच्या स्लॅबचं मूळ डिझाइन तपासून लेखी घ्या की तो बंबाच्या लोडसाठी आहे का. असेल तर जागेवर बोर्ड लावा, किती टन ते लिहा. नसेल तर तेही लिहा, ती हद्द ठळक रंगवा आणि फायर ऑफिसला कळवा, म्हणजे रात्री अंधारात गाडी तिथे उभी करायच्या आधी चालकाला दिसेल. लपवून ठेवणं सगळ्यात वाईट. हिरवळ उगवू देणारे जाळीचे पेव्हर असतील तर अजून एक लक्षात ठेवा, दोन-तीन पावसाळ्यांनी ती लेन बागेसारखी दिसायला लागते, मग कोणीतरी तिथे बाक ठेवतं, कोणी कुंड्या. कडा दिसतील अशा ठेवाच.

प्रश्न : आमची गल्ली आमच्या विंगपाशी संपते, पुढे भिंत. चालतं का?

लांबीवर आहे. अमेरिकन कोडमधे १५० फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ४५ मीटरपेक्षा, लांब बंद वाट असेल तर गाडी वळायला जागा हवीच. ब्रिटनमधे २० मीटरपेक्षा जास्त रिव्हर्स घ्यायला लागू नये असं आहे. ही वळायची जागा म्हणजे टोकाचा गोल किंवा टी सारखा आकार, आणि नेमकी तीच व्हिजिटर पार्किंग म्हणून वापरली जाते कारण ती एरवी रिकामी दिसते. तिथे पट्टे मारा.

प्रश्न : बिल्डरने मला मार्जिनमधलं पार्किंग विकलंय, पैसे घेतले, अलॉटमेंट लेटर आहे. आता कमिटी म्हणते ही फायर लेन आहे, गाडी काढा. मी का सोसायचं?

तुमची फसवणूक झाली असेल तर तुमची तक्रार रास्त आहे आणि ती सोडू नका. पण तक्रार बिल्डरकडे, लेनमधे गाडी ठेवून नाही. मंजूर नकाशात ती जागा मोकळी दाखवली असेल तर ती विकण्याचा अधिकार मुळात बिल्डरला नव्हता, त्यामुळे तुमच्या हातातल्या पत्राने ती पार्किंग होत नाही. नकाशात तिथे खरंच पार्किंगचा चौकोन काढलेला असेल तर कमिटी चुकतेय, म्हणून आधी नकाशाची प्रमाणित प्रत काढा. वकिलाकडे जाताना नकाशा, करार, पैशांची पावती, अलॉटमेंट लेटर हे चार कागद एकत्र न्या.

कमिटीलाही सांगते, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायद्यात जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर टाकलेली आहे, आणि यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमधे, द्यावं लागतं. तेव्हा "बिल्डरने केलं" म्हणून कमिटीची सुटका होत नाही. पण या सभासदाला एकटं पाडू नका, बाकी जागांची फेरवाटणी करून त्यांना कुठेतरी सामावून घ्या, सगळ्यांच्या जिवासाठी एकाच माणसाने किंमत मोजावी हे बरोबर नाही.

प्रश्न : आडवे स्पीड ब्रेकर, खांब, दुसऱ्या गेटला कुलूप, यातलं काय चालतं?

ब्रेकर अमेरिकन कोडप्रमाणे फायर अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय टाकताच येत नाहीत. तुमच्याकडे सक्ती नसली तरी विचारूनच टाका, उंच ब्रेकरवर पाण्याने भरलेली गाडी जवळजवळ थांबवावी लागते, आणि अँब्युलन्समधे मणक्याला मार लागलेला पेशंट असेल तर त्याचे हाल विचारू नका. खांब काढता किंवा आडवे पाडता येतील असे हवेत. दुसऱ्या गेटला कुलूप लावायला हरकत नाही, फक्त एका माणसाला हाताने उघडता आलं पाहिजे आणि किल्ली प्रत्येक शिफ्टच्या वॉचमनकडे पाहिजे. सेक्रेटरींच्या घरी कपाटात नको. इलेक्ट्रिक गेट असेल तर लाइट गेल्यावर ते हाताने सरकतं का हे मेन स्विच बंद करून एकदा बघाच.

प्रश्न : आमची इमारत चार मजली, आग वगैरे कधी लागली नाही. आम्हाला हे सगळं कशाला?

आग लागली नसेल, पण अँब्युलन्स आली असेल ना. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर आणि शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अँब्युलन्सचं मागचं दार उघडून स्ट्रेचर सरळ बाहेर यायला मागे मोकळी जागा लागते, बाजूला लावलेल्या स्कूटर काढत बसलं की तीच मिनिटं जातात. लिफ्टच्या दारापासून गेटपर्यंत स्ट्रेचर वळेल इतकी वाट आहे का ते बघा, छोट्या इमारतीत मी तरी याच गोष्टीवर आधी भर देईन.

प्रश्न : रंगवायचं कसं, बोर्डवर काय लिहायचं?

अमेरिकेत पांढऱ्यावर लाल अक्षरं, १२ बाय १८ इंच, आणि एक चांगला नियम असा की लेन २० ते २६ फूट असेल तर दोन्ही बाजूंना बोर्ड, २६ ते ३२ फूट असेल तर एका बाजूलाच, कारण तेवढ्या रुंदीत एका कडेला गाड्या लागल्या तरी वाट उरते. तुमच्या दलाचा नमुना असेल तर तो वापरा. नसेल तर लोकांना कळेल अशा भाषेत मोठ्या अक्षरांत लिहा, बंब आणि अँब्युलन्सची वाट, गाडी लावू नये. हायड्रंटची जागाही रंगवा. ब्रिटनमधे हायड्रंट बहुतेक जमिनीखाली झाकणात असतो आणि शेजारी पिवळी एच पाटी असते, वरचा आकडा पाइपचा व्यास आणि खालचा आकडा तिथून हायड्रंट किती मीटरवर आहे ते. तशी पाटी आपल्या कंपाउंडमधेही करून घ्यायला काय हरकत आहे?

प्रश्न : कागदावर सगळं ठीक आहे पण प्रत्यक्षात गाडी येईल की नाही हे कसं कळणार?

बोलावून बघा. बऱ्याच ठिकाणी स्थानिक दल विनंती केली तर मॉक ड्रिलला गाडी घेऊन येतं. फक्त दुपारी नको, दुपारी अर्ध्या गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात आणि सगळं छान मोकळं दिसतं. रात्री सगळे घरी परतल्यावर किंवा रविवारी सकाळी या अशी विनंती करा, गेटपासून सगळ्यात आतल्या विंगपर्यंत चालकाला जाऊ द्या, तो जिथे थांबेल, मागे घेईल, आरसा मिटेल ती प्रत्येक जागा लिहून घ्या. नाहीच आले तर सहा मीटरची दोरी घ्या, दोघांनी दोन टोकं धरून अख्ख्या इमारतीला फेरी मारा, जिथे दोरी ताणता येत नाही तिथे फोटो काढा आणि ते फोटो पुढच्या मीटिंगच्या नोटिशीसोबत सगळ्या सभासदांना पाठवा.